हातमोजे

रूथबाई किहीमकरांकडे मी सिनेमाचा इतिहास शिकायला जातो,
टेंभी नाक्याला, सिनेगॉगच्या मागच्या गल्लीत, दुसरा मजला.
शनिवारी नाही. शनिवारी त्या आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत
कशाला हात लावत नाहीत, कात्रीला तर नाहीच.

एकतीस वर्षं त्यांनी निगेटिव्ह कापली, दुसऱ्यांच्या सिनेमांची.
पडद्यावर नाव एकदाच आलं,
तेही ‘रुता किणीकर’ असं.

पहिल्या दिवशी मी वही उघडली,
म्हटलं, मूकपटापासून सुरुवात करू या.
त्या म्हणाल्या, हात दाखव.
उलटेसुलटे पाहिले. घाम येतो तुला, म्हणाल्या,
आणि कपाटातून सुती हातमोजे काढून दिले,
बोटांच्या टोकांशी पिवळे पडलेले.

दिवसा मी महाप्याला असतो,
औषधांच्या कारखान्याशेजारी, काचेच्या थंड खोलीत
वेब सिरीज कापतो.
कापतो म्हणजे बोट टेकवतो.
चुकलं की मागे, पुन्हा चुकलं की पुन्हा मागे.
दिवसभरात काही घडलं
हे संध्याकाळी सिद्ध करता येत नाही.

बाईंच्या टेबलावर ‘मागे’ नव्हतं.
दोन तुकडे जोडायचे तर एकाची कड ब्लेडनं खरवडायची,
सिमेंट लावायचं, श्वास धरून दाबायचं.
दर सांध्याला एक फ्रेम जायची.
‘एकीत त्या पोरीची पापणी अर्धी मिटलेली होती,’ बाई सांगतात,
‘बहात्तर साली.
अजून दिसते.’

मी विचारलं, सगळ्यात जुने कुठे असतील?
त्यांनी खिडकीतून जांभळी नाक्याकडे बोट केलं.
सराफांकडे.
फिल्मवर चांदी असते रे. माझे वडील लॅबमध्ये होते,
तेव्हा डबेच्या डबे किलोवर जायचे, भट्टीत.
कुणाच्या तरी जोडव्यांत
एक आख्खी राणी आहे,
ती करणाऱ्या पुरुषासकट.

त्या रात्री तलावपाळीवरून परतताना
मी बायकांच्या पायांकडे बघत चाललो होतो,
आणि एकीनं मला बघताना बघितलं.
आता काय सांगणार,
अभ्यास चाललाय?

पाचवा भाग. म्हातारा दुकानाचं शटर ओढतो,
मुलगा समोर बाइकवर बसून राहतो.
मी त्याचे एकोणीस कट केले होते.
बाईंनी फोनवर पाहिलं, भिंग लावून.
म्हणाल्या, घाबरलास कुणाला?
दर दोन सेकंदांनी बघणाऱ्याचं बखोट धरतोस.
पळून नाही जात तो. गेला तर गेला.

म्हणून एकदा रात्रपाळीला,
खोलीत कुणी नसताना, हातमोजे घातले.
टचपॅडला सुती हातमोजे कळत नाहीत.
मी बोट दाबलं, घासलं, आपटलं. काही नाही.
कसाबसा कोपरानं स्पेसबार दाबला
आणि सीन चालू झाला, न कापलेला,
आणि माझे हात मांडीवर.

शॉट संपला. ‘कट’ म्हणाल्याचा आवाजही आला.
तरी तो म्हातारा नट तिथेच उभा होता.
कुलपावरची धूळ अंगठ्यानं पुसली,
तोच अंगठा शर्टाला पुसला,
मग जणू कुणी बघतंय का म्हणून
बाइकच्या उलट्या दिशेला बघितलं.
नऊ सेकंद.
चार महिने ती माझ्या डिस्कवर पडून होती.

मी ती ठेवली.
प्रोड्यूसरचा मेसेज आला: ‘इथे व्हिडिओ अडकतोय का?’
त्यांनी पाच काढली.

हे सांगायला गेलो तेव्हा शुक्रवार होता,
बाई वाती वळत होत्या.
पाच गेली म्हटल्यावर काही बोलल्या नाहीत.
चार राहिली म्हटल्यावर वर बघितलं.
कुठली चार?
अंगठा, म्हटलं. शर्टाला पुसतो ती.

हं, म्हणाल्या. उद्या ये, तुला एक दाखवते.
मग वात तेलात बुडवताना,
उद्या नको.